‘मी करलं’ म्हणतो, काय करू?

(लहान मुलांच्या भाषेविषयी वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची उत्तरं)

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. ‘मी चित्र करलं’, ‘बाबांनी फोन करला’ असं बोलतो. कितीही सांगितलं तरी पुन्हा तेच. शाळेतून शब्दार्थांची यादी येते, ती घडाघडा म्हणून दाखवतो. पण गोष्टीत तोच शब्द आला की अडतो. आतापासूनच थोडं व्याकरण घ्यावं का?
– एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, आधी हे ‘करलं’ आलं कुठून ते बघा. तुमच्या घरात कुणी ‘करलं’ म्हणत नसणार. म्हणजे पोरानं ते ऐकलेलं नाही, स्वतः बनवलंय. भर–भरलं, धर–धरलं, चर–चरलं. मग कर–करलं का नाही? हिशोब चोख आहे. केलं, गेलं, खाल्लं ही आपल्या भाषेची आडवळणं. ती हळूहळू त्याच्या अंगवळणी पडतील.

1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. त्याचं नाव ‘वग’. मग तसेच दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय? बहुतेक मुलं म्हणाली, ‘वग्ज’. जन्मात न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन! मराठीत तर याहून मजा येते. कागदावर काहीतरी वेडंवाकडं काढा आणि म्हणा, ‘हा गंपोडा.’ शेजारी तसाच दुसरा काढा. ‘आता दोन?’ – ‘गंपोडे.’ ‘खाऊ कुणाला देऊया?’ – ‘गंपोड्याला.’ ज्या सामान्यरूपानं (‘ला’सारखा प्रत्यय लागताना ‘गंपोडा’चं ‘गंपोड्या’ होतं, ते) मोठ्या वर्गातल्या मुलांना घाम फुटतो, ते तुमचा मुलगा सहज करून मोकळा होईल. नाम, सर्वनाम, विशेषण ही नावं माझ्या मते चौथीच्या आत नकोतच.

मग सुधारायचं नाही का? सुधारायचं, पण टोकायचं नाही. ‘बाबांनी फोन करला’ म्हणाला की तुम्ही म्हणा, ‘हो? कधी केला? कशाला केला होता?’ बरोबर रूप दोनदा कानावर पडलं आणि गप्पाही थांबल्या नाहीत. ‘करला नाही, केला म्हण’ असं म्हणालात तर तो मुकाट्यानं ‘केला’ म्हणेल आणि बाबा काय म्हणाले ते मात्र राहून जाईल.

त्या शब्दार्थांच्या यादीचा मला मनापासून राग आहे. ‘उसवणे म्हणजे शिवण सुटणे’ हे पाठ करायला एक मिनिट लागतं आणि विसरायलाही तेवढंच. माझ्या दुसरीच्या वर्गात एकाच्या शर्टाचा खिसा लोंबत होता. शेजारचा ओरडला, ‘बाई, याचा शर्ट फाटला!’ शर्टाचा मालक भडकला. ‘फाटला नाही, उसवलाय. फाटला असता तर ठिगळ लावावं लागलं असतं, माझी आई नुसता दोरा घालणार आहे.’ झालं, सगळा वर्ग आपापले कपडे तपासायला लागला. गुडघ्यावरची पँट फाटलेली, फ्रॉकची बगल उसवलेली, दप्तराचा बंद उसवलेला. एका मुलीचा परकर खिळ्याला अडकून अगदी शिवणीपाशी फाटला होता, त्यावर जोरदार वाद झाला. मी खुर्चीवर बसून होते. गणिताचा तास बुडाला तो बुडालाच, पण त्या वर्गाला ‘उसवणे’चा अर्थ परत विचारावा लागला नाही.

असे शब्द तुमच्या स्वयंपाकघरात ढिगानं आहेत. कोथिंबीर चिरायची, गाजर किसायचं, नारळ खवायचा, मटार सोलायचे, मेथी निवडायची. कुठल्या वस्तूला कुठलं क्रियापद लागतं हे कुठल्याही यादीत सापडणार नाही. मुलाला ओट्याशी उभं करा आणि ‘हे घे, ते कर’ म्हणू नका, नेमका शब्द वापरा. (‘मिक्सरमधून काढ’ यालाही माझी हरकत नाही.)

गोष्ट वाचताना दर शब्दाला थांबू नका. ‘विहिरीचं पाणी आटलं’ आलं तर पुढे चला. कावळा, हंडे, रांगा यांवरून त्याला निम्मं कळतंच. मग कधीतरी बासुंदी करताना त्याला पातेलं दाखवा : आधी दूध इथपर्यंत होतं, बघ किती आटलं. हे मी एकदा वर्गात सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, ‘बाई, दूध तुम्ही आटवलं, मग विहीर कुणी आटवली?’ आपोआप आटणं आणि कुणीतरी आटवणं हा भेद तिनं बासुंदीवरून काढला. प्रयोजक क्रियापद हे त्याचं नाव तिला यथावकाश कळेल.

प्रश्न : नात बंगळूरला वाढते आहे. ‘माझा वाटी’, ‘मोठा खुर्ची’ म्हणते. तो-ती-तेचा तक्ता भिंतीवर लावला, उपयोग शून्य.
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : तक्ता उतरवा आणि एकाच रंगाच्या तीन वस्तू घ्या : पिवळा पेला, पिवळी वाटी, पिवळं झाकण. टोपलीखाली एक लपवा, बाकीच्या पाठीमागे धरा आणि म्हणा, ‘पिवळी लपली. ओळख!’ आता ‘पिवळी’तला ईकार नीट ऐकल्याशिवाय तिला जिंकता येणार नाही. मग तिला लपवू द्या; तेव्हा तिलाही तो अचूक बोलावा लागतो. हे जमलं की लाल वस्तू घ्या. ‘लाल’ बदलत नाही, त्यामुळे लपला, लपली, लपलं एवढ्यावरच ओळखायचं. खुर्ची ‘ती’च का, असं विचारलं तर ‘आपल्यात तसंच म्हणतात’ एवढं उत्तर पुरे. ‘पेन’वरून मात्र तिच्याशी भांडू नका. काही घरांत तो पेन असतो, काही घरांत ते पेन.

प्रश्न : आमच्या शाळेतली मुलं ‘मले’, ‘तुले’ म्हणतात. पालक म्हणतात, शुद्ध बोलायला शिकवा. वर्गात साहित्य तर काहीच नाही.
– एक शिक्षक, अकोला जिल्हा

उत्तर : सर, ‘ले’ ही चूक नाही. मले, तुले, बापाले, वऱ्हाडीचा नियम पक्का आहे. मुलाला घरची गोष्ट त्याच्या बोलीत सांगू द्या, फळ्यावर जशीच्या तशी लिहा. खाली तीच गोष्ट पुस्तकाच्या मराठीत लिहा आणि विचारा, काय काय बदललं? ‘ले’चा ‘ला’ झाला हे तेच शोधतील. पुस्तकाची मराठी त्यांना यायलाच हवी, पण त्यासाठी घरची पुसायची गरज नाही.

साहित्याचं म्हणाल तर बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या आदिवासी मुलांना बिया, पानं, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंवरच शिकवलं. तुमच्याकडे कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात (कापतात). सोंगणं आणि तोडणं यांत काय फरक, हे उद्या मुलांनाच विचारा आणि करून दाखवायला लावा.