शाळेत पथक नसताना सहा वर्षांच्या मुलासोबत स्काऊटिंग आणि तंबूतला मुक्काम कसा सुरू करावा?

आपण विचारले आहे की, आपला मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत शिकतो, चुलत भावाचा स्काऊटचा गणवेश पाहिल्यापासून त्याला तंबूत राहण्याचा ध्यास लागला आहे, पण त्याच्या शाळेत पथक नाही आणि आपण दोघेही कधी स्काऊट-गाईडमध्ये नव्हता. अशा परिस्थितीत आईवडिलांनी घरी काय करावे आणि रात्रीच्या मुक्कामाला त्याला केव्हा न्यावे. मी शाळेत असताना गाईड होते. माझा मुलगा आता तिसरीत आहे आणि त्याच्यासोबत हे सगळे मी पुन्हा नव्याने करीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वयाची काळजी करू नका, ते अगदी योग्य आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजी दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1951 रोजी, गर्ल गाईड्सही तिच्यात सामील झाल्या. तिच्यात साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल असा स्वतंत्र विभाग आहे. दहा वर्षांनंतर मूल स्काऊट किंवा गाईड होते. म्हणजे आपण ज्याला सरसकट स्काऊट म्हणतो त्याच्या आधीची एक संपूर्ण पायरी याच वयासाठी आहे, आणि तिथे अपेक्षाही वयाला शोभतील अशा ठेवलेल्या आहेत. स्काऊटचे ब्रीद 'तयार राहा' असे आहे, तर कबचे 'शक्य तितका प्रयत्न करा' असे. सहा वर्षांच्या मुलाकडून काय मागावे याचे मोजमाप म्हणून मला दुसरे ब्रीद फार नेमके वाटते.

आता घरी करण्याच्या गोष्टींकडे वळते. त्याआधी एक मुद्दा नीट सांगायला हवा, कारण बाकी सर्व त्यावरच उभे आहे. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेकडील ब्राउन्सी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात वेगवेगळ्या सामाजिक थरांतील सुमारे वीस मुलगे चार टोळ्यांत विभागले होते आणि प्रत्येक टोळीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा होता. मोठ्या माणसाने एकदा करून दाखवायचे, मग काम मुलांकडे सोपवायचे आणि बाजूला उभे राहायचे, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. गणवेश, टोपी, बिल्ले ही सगळी नंतरची शोभा. पालक म्हणून आपल्याला सर्वांत जड जाते ते हे बाजूला उभे राहणेच, कारण मुलाच्या हातातली दोरी घेऊन आपण ती गाठ दहा सेकंदांत मारू शकतो, आणि ऑफिसातून दमून आल्यावर तर तो मोह आवरत नाही. तरीही आवरावा.

सुरुवात किम्स गेमपासून करा. ताटात आठ-दहा लहान वस्तू ठेवाव्यात, मुलाला मिनिटभर पाहू द्यावे, वर पंचा टाकावा आणि काय काय होते ते त्याला सांगायला लावावे. आमच्या ताटात सागरगोटा, शर्टाचे बटण, एक गंजका स्क्रू, वेलदोडा, जुनी किल्ली, चिंचोका असा ऐवज असतो. दोन-तीन आठवड्यांत मूल नुसती नावे सांगणे सोडून 'बटणाला चार भोके होती, त्यातले एक तुटके होते' असे सांगू लागते, आणि या खेळाचे खरे फळ हेच आहे. मग वस्तू वाढवाव्यात; पुढे डोळे बांधून हिंग, कापूर, ओवा, जायफळ असे वास ओळखायला लावावेत. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

दोरीच्या गाठी हा दुसरा विषय. बाजारातून बोटाएवढी जाड सुती दोरी दोन रंगांची आणावी. नायलॉनची दोरी निसटते आणि लहान बोटांना चरचरते. पहिली रीफ नॉट: एकदा उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा उजव्या हाताकडचेच टोक वर घेतले की गाठ दिसायला तशीच दिसते, पण ताण दिला की सरकते. ही सरकणारी गाठसुद्धा मुलाला मुद्दाम मारायला लावून ओढून दाखवावी, म्हणजे फरक त्याच्या हाताला कळतो. दोन रंगांच्या दोऱ्या असल्या की कोणते टोक कुठे गेले हे त्याला लगेच दिसते. त्यानंतर क्लोव्ह हिच, म्हणजे खांबाला किंवा फांदीला दोरी बांधण्याची गाठ, जिच्यावर पुढे शिबिरात काठ्या बांधून चपलांचे स्टँड नि भांड्यांच्या मांडण्या तयार करतात. गाठ शिकवून सोडून देऊ नका, तिला घरात काम द्या. आमच्याकडे गॅलरीतल्या कारल्याच्या वेलाचा आधार मुलानेच बांधला आहे आणि त्याची देखभाल पूर्णपणे त्याच्याकडे आहे.

रोज एक सत्कृत्य करणे हा कबच्या प्रतिज्ञेचाच भाग आहे. त्याची आठवण राहावी म्हणून गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला गाठ मारून ठेवण्याची जुनी रीत आहे. माझा मुलगा शाळेच्या रुमालाला गाठ मारतो आणि काम झाले की सोडतो. जिन्यातला दिवसाढवळ्या जळणारा दिवा बंद करणे, पाण्याचा टँकर आला की तळमजल्यावरच्या आजींना बादल्या भरायला हात लावणे, एवढ्याच मापाची ही कामे असतात. त्यासाठी तक्ता करून चांदण्या चिकटवू नयेत असे माझे ठाम मत आहे. बक्षीस आले की मूल बक्षिसासाठी आजी शोधू लागते.

रात्रीचा पहिला मुक्काम गच्चीवर, अंगणात किंवा गावच्या घराच्या ओट्यासमोर करावा आणि त्याला सहाव्या वर्षीच हरकत नाही. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घुमटाकृती तंबू घ्यावा आणि वाऱ्याने तो सरकू नये यासाठी चारही कोपऱ्यांत आतून पाण्याच्या बाटल्या किंवा विटा ठेवाव्यात. तंबू मुलालाच उभा करू द्यावा. त्याच्या काड्या फायबरच्या तुकड्यांच्या असतात आणि आतून इलॅस्टिकच्या दोरीने ओवलेल्या असतात. त्या कापडाच्या बोगद्यातून नेहमी ढकलत न्याव्या लागतात, पुढून ओढल्या तर तुकडे आतल्या आत सुटतात. माझा मुलगा पहिल्या वेळी ओढतच राहिला, तुकडे सुटले, त्याने सगळे बाहेर काढले, पुन्हा जोडले, पुन्हा ओढले. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. बऱ्याच वेळाने तो थांबला, काडी उलट्या टोकाकडून हाताने चाचपली आणि ढकलायला लागला. आता आमच्यासोबत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला तो पहिली सूचना हीच देतो, आणि ज्या अधिकाराने देतो तो मी सांगून त्याच्यात आला नसता.

गच्चीवर दोन-चार रात्री निभावल्यावर मग बाहेर पडावे. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात लहान मुलाला घेऊन उघड्यावर तंबू ठोकू नये. विजा, ओढ्यांचे पाणी आणि निसरडी वाट यांपैकी काहीच आपल्या हातात नसते. जागा अशी निवडावी की गाडी जवळ उभी राहील आणि हाकेच्या अंतरावर माणसांची वस्ती असेल. लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचे उधेवाडी गाव मला यासाठी आवडते: श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले डोक्यावर, गावात घरगुती जेवणाची सोय, आणि कोरड्या दिवसांत जीप थेट गावापर्यंत जाते. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठीही व्यवस्थित सोयी आहेत. त्या भागाचा मोठा हिस्सा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने कुठे तंबू चालतो हे वन विभागाच्या नाक्यावर विचारूनच ठोकावा. हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम मात्र या वयात नको, चढ लांब आहे.

थंडी वरून लागण्यापेक्षा खालून अधिक लागते. जमिनीवर फोमची चटई, तिच्यावर सतरंजी, मग अंथरूण. मुलाला कानटोपी आणि कोरडे मोजे घालून झोपवावे. ऊब यावी म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत कदापि नेऊ नयेत. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपेत माणूस दगावतो. हे आजी-आजोबांसकट सोबतच्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे.

सापांविषयी मुलाला घाबरवू नका, शिस्त लावा. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी पूर्ण लावायची. फुरसे लहानसे असते आणि दगडाखाली बसते, म्हणून दगड बोटांनी उचलायचा नाही. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचे नाही आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे. हा बूट झटकण्याचा नियम विंचवासाठी आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करेपर्यंत या विंचवाने किती लेकरे नेली हे रायगड-रत्नागिरीतल्या जुन्या माणसांना विचारावे. साप चावल्यास जखम कापू नये, करकचून दोरी आवळू नये, तो अवयव हलू न देता 108 क्रमांकावर फोन करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. निघण्यापूर्वी असे जवळचे रुग्णालय कोणते हे पाहून ठेवणे ही पालकाची जबाबदारी आहे.

स्वयंपाकात मुलांना खरी गंमत असते. बिनभांड्यांचा स्वयंपाक हा स्काऊट शिबिरातला ठरलेला कार्यक्रम आहे आणि आपल्या मातीत तो परका मुळीच नाही. हिवाळ्यात हुरडा भाजणाऱ्या घरातल्या मुलाला शेकोटी नव्याने शिकवावी लागत नाही. आम्ही निखाऱ्यात रताळी आणि वांगी पुरतो आणि केळीच्या पानात तांदळाच्या पिठाची पानगी भाजतो. काड्या जाडीप्रमाणे तीन ढिगांत लावणे, जागेभोवतालचे वाळके गवत हातभर अंतरापर्यंत साफ करणे, ही कामे मुलाची. आगपेटीची काडी ओढणे मोठ्यांचे. फेब्रुवारीनंतर गवत इतके वाळलेले असते की मी शेकोटीच करीत नाही, वणवा लागायला एक ठिणगी पुरते. निखारे विझवताना पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि जवळ तळहाताची मागची बाजू धरून धग जाणवत नाही ना हे पाहावे. हे मुलाकडून करवून घ्या. कंटाळला तरी करवून घ्या.

शौचाची अडचण मोठी माणसे बोलत नाहीत आणि मुले त्याच भीतीने घरी जायचे म्हणतात. सोय नसेल तिथे पाण्यापासून साठेक मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणून, नंतर माती लोटायची, हे घरूनच समजावून सांगावे. मुलाला स्वतःचे लहान खुरपे द्यावे. ते मिळाले की भीतीची जागा कामाने घेतली जाते.

जेवणानंतर सगळे टॉर्च दहा मिनिटे बंद करून बसावे. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडे मृग नक्षत्र ठळक असते. मृगाच्या पोटातले ओळीने असलेले तीन तारे म्हणजे रुतलेला बाण, त्या ओळीच्या एका बाजूला खाली तेजस्वी व्याध, दुसऱ्या बाजूला वर रोहिणी आणि त्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. एवढे एका गोष्टीत बसते आणि मुलाला पुढच्या वेळी स्वतः शोधता येते. लांबून टिटवी ओरडली तर ती कोण हे लगेच सांगू नका, त्याला दिशा ओळखू द्या. अंधाराची भीती मला तरी समजुतीने गेलेली दिसली नाही, आवाजांना नावे मिळत गेली तशी ती गेली. आणि मध्यरात्री 'घरी जाऊया' म्हणाला तर एकही शब्द न बोलता गाडीत बसवून न्यावे. म्हणूनच गाडी जवळ हवी असे वर म्हटले.

शेवटी पथकाविषयी. शाळेशी न जोडलेली खुली पथकेही असतात, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या भारत स्काऊट्स आणि गाईड्स कार्यालयात जाऊन जवळ असे पथक आहे का ते विचारावे. नसेल तर मुलाच्या वर्गातली, सोसायटीतली दोन-तीन कुटुंबे पहिल्यापासून सोबत घ्या. कब पथकात सहा-सहा मुलांचे गट असतात, कारण या वयाचे मूल आईवडिलांपेक्षा बरोबरीच्या मुलांकडून लवकर शिकते, आणि एकट्या मुलाभोवती दोन पालक बसले की शेवटी तंबू पालकच उभा करतात. गट जमला की आपल्यापैकी एकाने कब पथकाच्या नेत्यासाठीचा बेसिक कोर्स करावा. स्त्रियाही कब पथक चालवतात, आणि पूर्वी स्काऊट असण्याची अट त्यासाठी नाही. अर्ज, पथकाची नोंदणी आणि गणवेशाचे नियम जिल्हा कार्यालयात समजतात; मुलाला सोबत न्यावे, प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत.