भाचीला व्हेटरनरी नर्सिंगच्या डिग्रीला पाठवायचंय: अर्जाआधी काय करून घ्यावं

तुमचा प्रश्न असा: भाची निपाणीत पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला आहे, पुढं इंग्लंडला व्हेटरनरी नर्सिंगची डिग्री करायची म्हणते, आतापासून काय तयारी करून घ्यावी?

सगळ्यात आधी घरात एक गोष्ट स्पष्ट करा. ही डिग्री घेऊन जनावरांचं डॉक्टर होता येत नाही. त्यासाठी बीव्हीएस्सी अँड एएच करावं लागतं. ते साडेपाच वर्षांचं आहे, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं, आणि त्याचं कॉलेज आपल्याच बेळगाव जिल्ह्यात अथणी तालुक्यात आहे. आपल्याकडं व्हेटरनरी नर्सची वेगळी नोंदणी नाही. इंग्लंडात ती रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सकडं होते. नोंदणी झालेल्या नर्सला तिथल्या १९६६ च्या कायद्यानं डॉक्टरच्या सूचनेवरून औषधोपचार करता येतात, पोट किंवा छाती उघडावी लागत नाही अशी किरकोळ शस्त्रक्रियाही करता येते. म्हणून कोर्स निवडताना त्याला या रॉयल कॉलेजची मान्यता आहे का, हे पहिल्यांदा बघा. अ‍ॅनिमल सायन्स, बायोव्हेटरनरी सायन्स अशी नावं ऐकायला जवळची वाटतात, पण त्यातून नर्सची नोंदणी मिळत नाही. फसगत होते ती इथंच.

आता अनुभवाचं. अर्जात मार्कांइतकंच वजन याला असतं, आणि आपल्याकडच्या मुलींची खरी ताकदही हीच. गोठ्यात वाढलेल्या पोरीला जनावराची भीती नसते. अडचण एवढीच की तिनं बघितलेलं काम बहुतेक वेळा डॉक्टरचं असतं, नर्सचं नसतं. गावच्या सरकारी पशु चिकित्सालयात गाय येते, खोड्यात घालतात, इंजेक्शन होतं, गाय घरी जाते. दाखल करून घेणं, भूल दिल्यावर लक्ष ठेवणं, शुद्धीवर येताना जवळ बसणं हे तिथं फारसं दिसत नाही. त्यामुळं अनुभव दोन ठिकाणी घ्यायला हवा. एक गावचा दवाखाना, लाळ्या-खुरकूत लसीकरणाच्या फेरीसकट. दुसरं बेळगाव किंवा कोल्हापुरातलं कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक, जिथं ऑपरेशनं होतात. दुसऱ्या ठिकाणी सलग दोन आठवडे मिळाले तर ते सुट्टीतल्या सुट्या-सुट्या दिवसांपेक्षा चांगले, कारण एकच पेशंट आला तेव्हापासून घरी जाईपर्यंत बघायला मिळतो.

तिथं बघायचं काय? ऑपरेशनच्या टेबलापेक्षा आजूबाजूला जास्त बघायला सांगा. पिंजरा कोणत्या क्रमानं धुतात. आधी विष्ठा काढून साबणानं धुवायचं आणि मग जंतुनाशक, कारण घाणीवर ओतलेलं जंतुनाशक नीट काम करत नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र, १२१ अंशांवर किती वेळ चालतो. अवजारांच्या गठ्ठ्यावरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे आतली अवजारं निर्जंतुक झालीच असं नाही, गठ्ठा फक्त उष्णतेतून गेलाय एवढंच ती टेप सांगते. लशी २ ते ८ अंशांत ठेवतात, आणि लाळ्या-खुरकूताची लस गोठली तर ती वाया जाते. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायची नाही ती त्यासाठीच. मुलाखतीत असलं काही ‘का’सकट सांगणारी मुलगी लगेच लक्षात राहते.

हाताशी चार आकडे पक्के हवेत. गायीचं तापमान साधारण ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस, रवंथाच्या पोटाची हालचाल मिनिटाला एक-दोनदा. कुत्र्याचे ठोके मिनिटाला साधारण ७० ते १२०, त्यात लहान जातीचे जास्त. हिरडी दाबून सोडली की रंग दोन सेकंदांच्या आत परत आला पाहिजे. पण आकड्यांपेक्षा मोजण्यात चुका होतात. थर्मामीटर शेणात रुतला तर ताप कमी दाखवतो, तो आतल्या भिंतीला टेकलाच पाहिजे. उन्हातून चालून आलेल्या म्हशीचं तापमान लगेच घेऊ नये; सावलीत विसावू द्या, मग घ्या. श्वास मोजायचे ते हात न लावता, कुशीकडं बघून, जनावराला धरायच्या आधी. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे श्वास मोजून काही कळत नाही. नाडी गायीची शेपटीखाली लागते, कुत्र्याची मांडीच्या आतल्या बाजूला.

औषधाचं गणितही घोटून घ्या. २० किलोचं कुत्रं, किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ टक्के लिहिलंय म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. उत्तर ४ मिलिलिटर. ५ टक्के म्हणजे मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असं धरलं तर थेट दहापट डोस जातो. सलाइनचं असंच: ५०० मिलिलिटर चार तासांत, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हे गणित तिनं कागदावर करावं, प्रत्यक्ष इंजेक्शनला हात लावू नये. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं उपचाराचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांना आहे, आणि त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्यापुरता डिप्लोमा-प्रमाणपत्रधारकांना. ‘मी इंजेक्शनं दिली’ असं अर्जात लिहिलं तर कौतुक होत नाही, उलट शंका येते.

दवाखान्यात जायला लागण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांना विचारून पूर्ण करा: दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८. धनुर्वाताचंही बघून घ्या. गाभडलेली गाय, तिची वार, मेलेलं वासरू यांना उघड्या हातानं शिवायचं नाही. गाय गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो, आणि त्याचा ताप महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. याबाबतीत घरच्या मोठ्यांचं ‘आम्ही आयुष्यभर काढली, काय झालं’ हे ऐकू नका.

वही रोज लिहायला लावा. तारीख, तास, जनावर, काय बघितलं, का केलं. इंग्लंडातल्या डिग्रीचा अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातो; त्या अर्जात आता एका निबंधाऐवजी तीन प्रश्न असतात: हा विषय का, अभ्यासानं कशी तयारी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येकाला किमान ३५०. तिसरं उत्तर या वहीतूनच निघतं. ‘लहानपणापासून प्राण्यांची आवड’ या वाक्यात अक्षरं घालवू नका. १५ ऑक्टोबरची मुदत डॉक्टरच्या कोर्सला असते; नर्सिंगला जानेवारीतली, तरी नोव्हेंबरात पाठवून मोकळं व्हावं.

कागदपत्रांत आपल्या भागाची खास अडचण नावाची. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं असतात, पासपोर्टवर पूर्ण नाव लागतं, आणि मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं. पीयूसीच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी सगळीकडं नाव एकच करून घ्या. जन्मगाव एका कागदावर बेलगाम, दुसऱ्यावर बेळगावी असतं. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळं हे समजावता येतं, पण स्वतःच्या नावातला फरक समजावणं जड जातं.

पैशाचं तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही मामा आहात. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची राहिलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दिसावा लागतो, आणि ते खातं मुलीचं किंवा आईवडिलांचं लागतं. मामाचं चालत नाही. जमिनीचा उतारा आणि सोनंही धरत नाहीत. उसाच्या बिलाचे हप्ते येतील तसे भरू म्हणाल तर एका दिवसाच्या कमी शिलकीनं अर्ज अडतो. मदत करायची असेल तर रक्कम आधीच बहिणीच्या खात्यावर टाका, किंवा मुलीच्या नावानं बँकेचं शिक्षणकर्ज मंजूर करून घ्या. शिवाय क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते.

आणि दवाखान्याचं पत्र शेवटच्याच दिवशी घ्या: लेटरहेडवर, इंग्रजीत, तारखा, एकूण तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं, सही-शिक्क्यासह. सरकारी डॉक्टरांची बदली होते, आणि नवीन आलेले डॉक्टर न बघितलेल्या कामावर सही करत नाहीत.