‘स्मेल्स’नंतर ‘गुड’ की ‘वेल’?

प्रश्न : माझी नात सातवीत आहे. ‘द पोहा स्मेल्स गुड’ या वाक्यात ‘गुड’ क्रियापदानंतर आलं, म्हणून तिनं ते क्रियाविशेषण ठरवलं आणि खोडून ‘वेल’ केलं. गुण गेले. विशेषण नामाच्या आधी येतं, असंच मीही तिला शिकवलं होतं. मग ओळखायचं कसं?
– एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर : विशेषण आधीच येतं हे मराठीतही खरं नाही, आजोबा. ‘काळा घोडा’ यात अधिविशेषण, तर ‘घोडा काळा आहे’ यात विधिविशेषण. इंग्रजी व्याकरणातलं प्रेडिकेट ॲडजेक्टिव्ह म्हणजे हेच विधिविशेषण, आणि त्याला कर्त्याशी सांधणारं क्रियापद ते लिंकिंग व्हर्ब. ‘इज’, ‘सीम’, ‘बिकम’ सहसा त्रास देत नाहीत. घोटाळा करतात ती ‘लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड’ आणि ‘टर्न, ग्रो, गेट’. ती कधी नुसती सांधतात, कधी खरी क्रिया दाखवतात; दोन्ही घरचे पाहुणे.

नातीला क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून पाहायला सांगा. भूतकाळ असेल तर ‘वॉज’. ‘द पोहा इज गुड’: वाक्य उभं राहिलं, म्हणजे ‘स्मेल्स’ इथे लिंकिंग, म्हणून पुढे विशेषण ‘गुड’च. आता ‘द काउ स्मेल्स द पोहा’ घ्या. ‘इज’ घातलं की गाय म्हणजेच पोहे! इथे गाय खरोखर हुंगते आहे. तसंच ‘द मिल्क टर्न्ड सावर’ टिकतं, ‘द बस टर्न्ड स्लोली’ टिकत नाही.

मग क्रियापदापुढचा शब्द तपासायचा. ‘राजवाडा इज ओल्ड’ यात ‘ओल्ड’ विधिविशेषण. पण ‘राजवाडा इज ॲन ओल्ड पॅलेस’ यात तोच शब्द ‘पॅलेस’ला चिकटला, पूरक, म्हणजे कर्त्याबद्दलचं विधान पुरं करणारा शब्द, आता नाम आहे. परीक्षेत मुलं हमखास इथेच घसरतात. ‘राजवाडा इज इन इंदूर’ यात तर विशेषणच नाही. ‘द मिल्क इज बॉइलिंग’ मध्ये ‘इज’ नुसतं साहाय्यक, मुख्य क्रियापद ‘बॉइल’. ‘व्हेरी हॉट’ म्हणता येतं, ‘व्हेरी बॉइलिंग’ नाही, यावरून बहुतेक वेळा फरक कळतो.

नातीच्या चुकीमागे आपली मराठीही आहे. ‘पोह्यांना छान वास येतो’ यात कर्ता वास. इंग्रजीत कर्ता पोहेच. शिवाय आपण ‘मुलगी चांगली दिसते’ म्हणतो तसंच ‘मुलगी चांगली गाते’ही म्हणतो. शब्द एकच, बदलतोही सारखाच. इंग्रजी मात्र ‘लुक्स गुड’ आणि ‘सिंग्ज वेल’ असं वेगळं करते. त्यामुळे भाषांतर करून पडताळू नका, कान फसवतो.

आणि ‘द डॉग स्मेल्स वेल’ हे बरोबर आहे बरं का: कुत्र्याचं नाक तिखट, असा त्याचा अर्थ. नातीच्या वाक्यात ते नाक पोह्यांना फुटलं. ‘आय फील वेल’ मधलं ‘वेल’ मात्र विशेषणच, कारण तिथे अर्थ ‘प्रकृती ठीक’.