वेगमर्यादेचा आरोप: दंड भरावा की न्यायालयात जावे?

प्रश्न: नोटिशीत माझ्या गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर लिहिला आहे, गाडीचा काटा मात्र ८०च्या पुढे गेला नव्हता. एवढ्यावर लढता येईल का?

उत्तर: आपली आठवण खरी असेल तर शंका रास्त आहे. स्पीडोमीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांचा वाहननियम अनेक देशांनी स्वीकारला आहे; जास्त दाखवण्यास मात्र थोडी मुभा आहे. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर हा आधार जातो. तरीही नुसती आठवण न्यायालयात टिकणे कठीण, म्हणून आधी सर्व छायाचित्रे लेखी अर्ज करून मागवावीत. ठरावीक वेळेच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतली असतील, तर पडताळणी घरबसल्या करता येते. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अर्ध्या सेकंदात गाडी साडेबारा मीटर सरकायला हवी, ताशी ८० असेल तर सुमारे ११ मीटर. रस्त्यावरील पट्ट्यांमधील अंतर ठाऊक असेल तर हा फरक मोजता येतो, आणि तो आपल्या बाजूने निघाला तर मी निःसंकोचपणे लढा, असेच म्हणेन.

प्रश्न: रडार रस्त्याकडेला तिरके धरले होते. हा मुद्दा चालेल का?

उत्तर: नाही. एका जागी उभ्या रडारने तिरक्या कोनातून मोजलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी भरतो, त्यामुळे हा मुद्दा उलट आपल्याच अंगाशी येईल. रडारचा झोत दूरवर रुंदावत जातो; शेजारून दुसरे वाहन जात होते का आणि यंत्राचे कॅलिब्रेशन (म्हणजे अचूकतेच्या तपासणीचे) प्रमाणपत्र त्या तारखेला वैध होते का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

प्रश्न: गाडी माझी, पण त्या वेळी मुलगा चालवत होता.

उत्तर: मुदतीत खरे नाव कळवावे. खोटे नाव देणे हा अनेक देशांत वेगापेक्षा गंभीर गुन्हा ठरतो.

प्रश्न: दंड किरकोळ आहे. भरून मोकळे व्हावे का?

उत्तर: दंड भरणे म्हणजे बहुतेक ठिकाणी आरोपाची कबुलीच असते, म्हणून त्याची नोंद परवान्यावर होणार का, हे आधी पाहावे. ज्यांचे पोट वाहन चालवण्यावर आहे, त्यांना दंडापेक्षा ही नोंदच महागात पडते. अशांनी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. मात्र मर्यादा खरोखर ओलांडली असेल आणि पुरावा निर्दोष असेल, तर शपथेवर खोटे बोलण्यापेक्षा लवकर कबुली द्यावी. काही ठिकाणी त्यामुळे दंडही कमी होतो. निर्णय काहीही असो, उत्तराची मुदत चुकवू नये आणि दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवावी.