शब्बाथावर बोलायला बसण्याआधी

ख्रिस्ती लोकांनी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळावा की रविवार, या वादावर कसं बोलावं, हा तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला. सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळा, बाकीचं हळूहळू येईल.

'कॉन्स्टंटाईनने शनिवारचा रविवार केला' हे वाक्य आधी टाळा. नवे लोक बहुधा इथेच अडकतात. या रोमन सम्राटाचा रविवारच्या विश्रांतीचा हुकूम इ.स. 321 चा, पण ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर 150 च्या सुमारासच रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो. दुसरं टोकही चूकच, शब्बाथ एका रात्रीत मागे पडला नाही. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे) लिहितो, की रोम आणि अलेक्झांड्रिया सोडून जवळपास सगळ्या मंडळ्या (चर्च) शनिवारीही प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) करतात. इथिओपियात तर आजही दोन्ही दिवसांना मान आहे.

- उपासनेला जमणं वेगळं, काम थांबवणं वेगळं. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्रोवस गावी शिष्यांनी आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, भाकर मोडली, तेवढ्यावरून विश्रांतीचा दिवस बदलला असं ठरत नाही.
- शनिवार पाळणाऱ्याला 'नियमशास्त्राचा (मोशेच्या नियमांचा) गुलाम' म्हणू नका. ते फार लागतं. जस्टिन स्वतः रविवारी जमणारा, तरी शब्बाथ पाळून तो इतरांवर न लादणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तो बंधूच मानतो.

आज बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय शांतपणे वाचा, दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष देऊ नये हे त्यात आहे. ग्रीक शब्दांचा कीस नंतर काढू.