पैसे देऊन गाण्याचे स्ट्रीम वाढवून घ्यावेत का? पकडलं गेलं तर काय होतं?

अजिबात घेऊ नका. ‘सगळेच घेतात, शेवटी हे मार्केटिंगच’ असं सांगणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. मार्केटिंग गाणं माणसांपर्यंत नेतं. इथे ऐकणारं कुणी नसतंच.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. म्हणून बॉट, म्हणजे आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम, तेवढंच वाजवून पुढे सरकतात. आकड्यांत ते लगेच दिसतं: श्रोते मूठभर, प्रत्येकाचे स्ट्रीम भरमसाट, गाणं सेव्ह करून ठेवणारे जवळपास शून्य आणि सगळी गर्दी एकाच प्लेलिस्टमधून.

‘हुशारीने केलं तर कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मायकेल स्मिथचं प्रकरण वाचावं. सप्टेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर आरोप ठेवले: एआयने बनवलेली लाखो गाणी, हजारो बॉट खाती, एक कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी. एकच गाणं अतोनात वाजलं तर संशय येतो, म्हणून हजारो गाण्यांवर थोडे थोडे स्ट्रीम पसरवल्याचा आरोप होता. एवढी काळजी घेऊनही प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. तुमचं स्वस्त पॅकेज तर सगळे स्ट्रीम एकाच गाण्यावर ओततं. आणि ‘नुकसान फक्त कंपनीचं’ हेही खोटं. रॉयल्टीची रक्कम एका सामाईक निधीतून स्ट्रीमच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणजे खोटा स्ट्रीम दुसऱ्या कलाकाराचाच वाटा खातो.

पकडल्यावर? खोटे स्ट्रीम वजा होतात, त्यांची रॉयल्टी मिळत नाही. प्रकार उघड असेल तर २०२४पासून स्पॉटिफाय वितरकाकडून (म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायवर चढवणाऱ्या कंपनीकडून) ट्रॅकमागे १० युरो दंड घेतं, आणि बरेच वितरक तो तुमच्या माथी मारतात. गाणं उतरवलं जाऊ शकतं, वारंवार झालं तर खातंही बंद. शिवाय १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला स्पॉटिफाय रेकॉर्डिंगची रॉयल्टी देत नाही. वजाबाकीनंतर आकडा त्याखाली आला तर खऱ्या श्रोत्यांचेही पैसे गेले.

एक मात्र खरं, दोष नेहमी कलाकाराचाच नसतो. बॉटवाले संशय टाळायला अनोळखी गाणीही प्लेलिस्टमध्ये घुसवतात. तसं झालं असेल तर ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्ये (कलाकाराला स्वतःच्या गाण्यांचे आकडे दाखवणारं स्पॉटिफायचं साधन) आकडा कोणत्या तारखेला, कोणत्या प्लेलिस्टमुळे उसळला ते शोधा. स्क्रीनशॉट घ्या, प्लेलिस्टची तक्रार नोंदवा आणि वितरकाची नोटीस येण्याआधी त्याला स्वतःहून लेखी कळवा. गाणं वितरकाने उतरवलं असेल तर दादही त्याच्याकडेच मागायची.