पावसाळ्यात चालणं बंद पडलं तर?

प्रश्न : वय ४६. फोंड्याहून रोज बसने पणजीला कार्यालयात येतो, दिवसभर खुर्चीत असतो. आईला मधुमेह आहे. माझी उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) ६.० आली. तीन महिने संध्याकाळी मिरामारला अर्धा तास चाललो, पण वजन किलोभरही उतरलं नाही. आता पावसामुळे तेही बंद. एवढ्या चालण्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर : पडतो, वजन उतरलं नाही तरी पडतो. म्हणून काट्याकडे बघून चालणं सोडू नका. चेन्नईच्या संशोधकांनी तुमच्यासारख्याच, साखर वाढू लागलेल्या पण मधुमेह न झालेल्या ५३१ जणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी चालणं वाढवून आहार सुधारला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिलं आणि त्यांचं वजन जवळपास होतं तेवढंच होतं.

याचं कारण स्नायूंमध्ये आहे. जेवणातून आलेली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. बैठ्या माणसाचे स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, त्यामुळे साखर रक्तातच रेंगाळते. मात्र काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो, आणि व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. मग तो परिणाम ओसरतो. म्हणूनच सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका. जून ते सप्टेंबर घरी बसलात, तर उन्हाळ्यातली मेहनत उरत नाही. आठवड्याला १५० मिनिटं हे ध्येय ठेवा, पण सगळी एकट्या रविवारी उरकू नका.

पावसात असं करा. दुपारी भात-हुमण जेवलात की लगेच खुर्चीत बसू नका, कार्यालयाच्या व्हरांड्यात १० ते १५ मिनिटं चाला. भातामुळे चढणारी साखर याच वेळी सर्वात जास्त आटोक्यात येते. एरवी दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटं फिरा. घरी एक दिवसाआड स्नायूंचा व्यायाम करा. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा, हळू बसा आणि हातांचा आधार न घेता उठा. १० वेळा, असे तीन फेरे. त्यानंतर भिंतीला हात टेकून १० दंड, मग टाचा उचलून १५ वेळा. दोन आठवड्यांत सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ घाला आणि पुन्हा खुर्चीवरून उठा. चुका बहुतेक सारख्याच होतात : धपकन बसणं, गुडघे आत वळणं, श्वास रोखून धरणं. धपकन बसलं की मांडीच्या स्नायूंना कामच उरत नाही, म्हणून बसताना मनात तीनपर्यंत मोजा. श्वास रोखला की रक्तदाब चढतो, तेव्हा उठताना श्वास सोडा. छातीत दुखलं किंवा दम अचानक लागला, तर थांबून डॉक्टरांना गाठा.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि कंबरही मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत हवी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळलं. तेव्हा घरातल्या बाकीच्यांचीही साखर तपासून घ्या.

प्रश्न : दिवसभर घरकाम करते. वेगळ्या व्यायामाची गरज आहे का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागत असेल तर ते काम व्यायामात धरा. विहिरीचं पाणी शेंदणं, फरशी घासणं त्यात येतं. ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक करणं त्यात येत नाही, पाय कितीही दुखले तरी. दमाची अशी कामं दिवसात मिळून अर्धा तास होत नसतील, तर उरलेली मिनिटं चालून भरा.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या घेतात. पहाटे उपाशीपोटी वाळूत अनवाणी चालतात. चालेल का? (वाचक, काणकोण)

उत्तर : दोन्ही थांबवा. ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी चालताना साखर एकदम उतरू शकते. निघण्यापूर्वी ती १०० च्या खाली असेल तर अर्धी पोळी किंवा केळं द्या. खिशात ग्लुकोजची पूड असू द्या. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर तीन चमचे पाण्यात घालून लगेच प्यायला सांगा आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, शिंपल्याने कापलेलं समजतच नाही. मोजे आणि बंद बूट घालूनच चालायला पाठवा. रोज रात्री बोटांच्या बेचक्यांसकट पाय बघा. तळवा स्वतःला दिसत नाही, म्हणून हे काम तुम्हीच करा.